क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग पुन्हा रक्त कशाला?

किडनी बदललेला माणूस ज्या घरात आहे, त्या घरात तपासणीच्या दिवशी एकच प्रश्न असतो: "क्रिएटिनिन किती आलं?" आकडा गेल्या वेळेइतकाच असला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि पुढच्या तपासणीपर्यंत कुणी त्या विषयाचं नाव काढत नाही. इंदूरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणं हे माझं काम आहे आणि माझ्या सख्ख्या दादाला वहिनीने किडनी दिलेली आहे. त्यामुळे हा प्रश्न मला लॅबमध्येही ऐकू येतो आणि घरीही. डॉक्टरांनी क्रिएटिनिनसोबत आणखी दोन-तीन तपासण्या लिहून दिल्या की सुदामानगर, रामबाग, लोकमान्य नगरातली आपली माणसं मराठीतून हक्काने विचारतात, "अहो ताई, क्रिएटिनिन तर छान आहे, मग हे सगळं कशाला?" काउंटरवर उभ्या उभ्या याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. ते इथे देते.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळण्याचं काम मंदावलं की तो रक्तात साठतो आणि आकडा वाढतो. म्हणजे किडनी काम किती करते आहे, एवढंच क्रिएटिनिन सांगतं. तिला आतून इजा होते आहे का, हे ते सांगत नाही. एका किडनीत गाळण्याची साधारण दहा लाख सूक्ष्म यंत्रं असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्यातली काही जायबंदी झाली तर उरलेली जास्त काम करतात आणि बराच काळ आकडा जागचा हलत नाही. तो हलतो तेव्हा नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. क्रिएटिनिन अगदी स्थिर आहे आणि बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, मात्र रिजेक्शन (शरीराने नव्या किडनीला परकी समजून केलेला हल्ला) दिसतंय, असंही घडतं.

दुसरी अडचण 'नॉर्मल' म्हणजे काय याची आहे. रिपोर्टवर छापलेली मर्यादा प्रत्येकाची अंगकाठी बघून ठरवलेली नसते, पण क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं. एखाद्या सडपातळ काकूंचं क्रिएटिनिन प्रत्यारोपणानंतर ०.८ वर स्थिरावलं आणि काही महिन्यांनी ते १.१ झालं, तर रिपोर्टवर कुठेही ठळक अक्षर नाही, लाल खूण नाही. पण त्यांच्यापुरती ही वाढ एक तृतीयांशाहून जास्त आहे. एकेका रिपोर्टकडे न बघता सगळे आकडे तारखेनुसार एका वहीत लिहा, असं मी सगळ्यांना सांगते. वहिनी तेच करते, आणि डॉक्टर आधी ती वही मागतात.

आता रिजेक्शन मुळात का होतं, ते थोडक्यात. आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. ती निम्मी आईकडून आणि निम्मी वडिलांकडून येतात, आणि त्यांचे प्रकार इतके आहेत की दोन परक्या माणसांची प्रथिनं तंतोतंत जुळणं फार दुर्मीळ. प्रतिकारशक्ती याच प्रथिनांवरून आपलं आणि परकं ओळखते. १९५४ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. तिथे परकं काही नव्हतंच, म्हणून रिजेक्शन झालं नाही. बाकी सगळ्यांना आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या घेऊनही शरीर दोन वाटांनी नव्या अवयवावर उलटू शकतं: टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, थेट अवयवात शिरतात, किंवा रक्तात त्याच्या विरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्याला चिकटणारी प्रथिनं, तयार होतात. उपचारांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

रिजेक्शनचं पक्कं निदान आजही बायोप्सीनेच होतं. सोनोग्राफीवर बघत सुईने किडनीचा बारीकसा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. काय दिसलं म्हणजे काय म्हणायचं, याचे नियम जगभरातले तज्ज्ञ १९९१ पासून ठरवत आले आहेत. पहिली बैठक कॅनडातल्या बॅन्फ गावी झाली, म्हणून त्या नियमांना बॅन्फ वर्गीकरण म्हणतात. बायोप्सी चांगलीच आहे, पण ती दर महिन्याला करता येत नाही. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि सुई नेमकी जिथे गेली तिथलंच दिसतं. म्हणून रक्तातूनच लवकर सुगावा लागावा यासाठी शास्त्रज्ञांचा अनेक वर्षं खटाटोप चालला होता.

तो सुगावा लागला तो मेलेल्या पेशींच्या डीएनएमधून. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात. मरताना त्यांचा डीएनए तुटतो आणि त्याचे बारीक तुकडे रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, तरंगत राहतात. हे आपल्या इंदूरच्या कचरागाडीवरून समजावणं मला सोपं जातं. घराघरातून रोज कचरा निघतो, सगळा एकाच गाडीत जातो, आणि काही वेळात गाडी रिकामी होते. एखाद्या घरात मोडतोड चालू असेल तर त्या घराचा राडारोडा गाडीत एकदम वाढतो. कुठला कचरा कुठल्या घरचा हे ओळखता आलं, तर दार न उघडताही कळेल की मोडतोड कुठे चालली आहे. दादाच्या रक्तातले बहुतेक तुकडे दादाचे स्वतःचे आहेत. पण त्याच्या पोटातली किडनी वहिनीची आहे, त्या किडनीच्या पेशींचा डीएनए वहिनीचा आहे, आणि त्यातल्या काही पेशी रोज मरतातच. म्हणजे दादाच्या रक्तात वहिनीचे तुकडे नेहमीच थोडेसे असतात. ते अचानक वाढले, तर किडनीला इजा होते आहे.

रक्तात असे मोकळे तुकडे असतात हे १९४८ मध्येच फ्रान्सच्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, पण त्याचं करायचं काय ते कुणाला सुचत नव्हतं. १९९७ मध्ये डेनिस लो यांना गरोदर बाईच्या रक्तात पोटातल्या बाळाचा डीएनए सापडला. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने पुरुषाचा अवयव मिळालेल्या स्त्रियांच्या रक्तात वाय गुणसूत्राचे तुकडे दाखवले. स्त्रीच्या शरीरात वाय गुणसूत्र नसतं, म्हणजे ते तुकडे दात्याच्या अवयवाचेच. ही युक्ती फक्त पुरुष दाता आणि स्त्री रुग्ण अशाच जोडीला लागू होती. आपल्या देशात तर बहुतेक जिवंत दात्या बायका आहेत, आई नाहीतर बायको, म्हणजे जोडी बरोब्बर उलटी. डीएनए वाचायची नवी यंत्रं आली तेव्हा ही अडचण सुटली. २०११ मध्ये स्टॅनफर्डमधल्या स्टीफन क्वेक यांच्या गटाने हृदय बदललेल्या रुग्णांच्या रक्तात दात्याचे तुकडे मोजून दाखवले, मग दाता पुरुष असो वा स्त्री.

हे जमतं कसं? कुठल्याही दोन माणसांच्या डीएनएत साधारण दर हजार अक्षरांमागे एक अक्षर वेगळं असतं. तपासणीत अशा नेमक्या जागा निवडतात, काही पद्धतींत शेकडो तर काहींत हजारो. समजा एका जागी दादाची दोन्ही अक्षरं सारखीच आहेत, आणि रक्तात मात्र तिथे अगदी थोड्या प्रमाणात तिसरंच अक्षर दिसतं. ते दादाचं असूच शकत नाही. अशा सगळ्या जागांचा हिशेब केला की रक्तातल्या एकूण मोकळ्या डीएनएपैकी किती टक्के दात्याचा, ते निघतं. बऱ्याच पद्धतींत दात्याचं रक्त वेगळं द्यावंही लागत नाही. त्यामुळे मेंदूमृत दात्याकडून अवयव मिळाला असेल तरी अडत नाही. इंदूरात २०१५ पासून ग्रीन कॉरिडॉर करून, म्हणजे रस्ता मोकळा ठेवून, असे अवयव अनेकदा वेळेत पोहोचवले गेले आहेत, आणि त्या रुग्णांनाही ही तपासणी तशीच लागू पडते. रिपोर्टवर तिचं नाव 'डोनर-डिराइव्ड सेल-फ्री डीएनए' असं लांबलचक असतं.

दाता आणि रुग्ण यांचं नातं काय, हे मात्र लॅबला सांगावं लागतं. वहिनी आणि दादा यांचं रक्ताचं नातं नाही, म्हणून त्यांच्या डीएनएतले फरक भरपूर. मी किडनी दिली असती तर माझा सरासरी निम्मा डीएनए दादासारखाच असल्यामुळे वेगळी अक्षरं कमी भरली असती आणि हिशेब त्यानुसार करावा लागला असता. एकसारखी जुळी भावंडं असतील तर ही तपासणी निरुपयोगी आहे.

तिचा मोठा गुण वेग आहे. हे तुकडे रक्तात फार टिकत नाहीत. अर्ध्या तासापासून साधारण दोन तासांत निम्मे नाहीसे होतात. म्हणून आज काढलेलं रक्त आजचीच गोष्ट सांगतं. प्रत्यारोपणानंतर लगेच आकडा खूप चढलेला असतो, कारण शस्त्रक्रियेत अवयवाला इजा झालेलीच असते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत तो उतरतो. पुढे किडनी शांत असेल तर तो बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. १ टक्क्याच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. ही १ टक्क्याची रेघ २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून रूढ झाली. त्यात रिजेक्शन नसलेल्यांचा मधला आकडा ०.३ टक्के होता आणि अँटिबॉडीमुळे होणाऱ्या रिजेक्शनमध्ये २.९ टक्के. टी-पेशींच्या रिजेक्शनमध्ये फरक इतका ठळक नव्हता, आणि सौम्य प्रकार या तपासणीतून निसटूही शकतो.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. १ टक्क्याच्या वर आकडा आलेल्या दर शंभर जणांमागे साधारण ६१ जणांनाच खरोखर रिजेक्शन होतं. उरलेल्यांच्या किडनीला दुसऱ्याच कशाने तरी त्रास होत होता. आणि आकडा रेघेखाली असलेल्या शंभरांपैकी ८४ जण रिजेक्शनपासून मुक्त होते, सगळे नव्हेत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. ही तपासणी इजा दाखवते, इजेचं कारण दाखवत नाही. कारण उलटंही असू शकतं. बीके नावाचा एक विषाणू आहे. तो बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतो आणि निपचित पडून राहतो. गोळ्यांनी प्रतिकारशक्ती जास्तच दबली की तो किडनीत वाढू लागतो आणि तिच्या पेशी मारतो. मग रक्तात दात्याचे तुकडे वाढतात, क्रिएटिनिनही वाढतं. म्हणजे आकडा बघून रिजेक्शनही वाटू शकतं आणि बीकेही. रिजेक्शन असेल तर औषध वाढवायचं, स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायची, अँटिबॉडीचं असेल तर प्लाझ्मा बदलायचा. बीके असेल तर नेमकं उलट, औषध कमी करायचं. अंदाजाने रिजेक्शनचा उपचार सुरू केला आणि निघाला बीके, तर किडनी आपल्याच हातांनी गमवायची वेळ येते. म्हणून हा आकडा चढला की डॉक्टर आधी बीकेची पीसीआर (रक्तात हा विषाणू आहे का, ते बघणारी तपासणी), गोळ्यांची लेव्हल (रक्तातलं औषधाचं प्रमाण) आणि अँटिबॉडी बघतात, अनेकदा तपासणी पुन्हा करतात आणि मग बायोप्सी करतात. "रक्तात कळलं ना, मग आता सुई कशाला?" असं म्हणू नका. कोणाला सुई लावायची आणि कधी, हे रक्त सांगतं. काय उपचार करायचा, हे सुईने काढलेला तुकडा सांगतो.

टक्केवारीतही एक फसगत आहे. टक्केवारी म्हणजे दात्याचे तुकडे भागिले एकूण तुकडे. रुग्णाला जोराचा ताप असेल, जंतुसंसर्ग असेल, तर त्याचे स्वतःचे तुकडे खूप वाढतात आणि दात्याचा वाटा उगाच लहान दिसतो. म्हणून काही लॅब टक्क्यांसोबत एका मिलिलिटर प्लाझ्मात दात्याचे किती तुकडे, हेही देतात. नुकतंच रक्त चढवलं असेल, आधी दुसरी किडनी बसवलेली असेल, रुग्ण गरोदर असेल, किंवा दोन दिवसांपूर्वीच बायोप्सी झाली असेल, तर ते आधी सांगा. रक्त घ्यायला नळीही खास लागते. साध्या नळीत रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी फुटतात आणि सगळा हिशेब बिघडतो.

अँटिबॉडीची तपासणी वेगळी. तिला डीएसए म्हणतात. रुग्णाच्या रक्तात नेमक्या त्याच दात्याच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, हे ती बघते. कधी कधी या अँटिबॉडी क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी दिसतात. परक्या एचएलएची ओळख शरीराला तीन वाटांनी होते: रक्त चढवणं, आधीचं प्रत्यारोपण आणि गरोदरपण. पोटातल्या बाळाची निम्मी प्रथिनं वडिलांची असतात, त्यामुळे बाळंत झालेल्या काही बायकांच्या रक्तात नवऱ्याच्याच एचएलएविरुद्ध अँटिबॉडी असतात. नवरा किडनी द्यायला तयार असूनही ती बायकोला चालत नाही, त्यामागे हे कारण असू शकतं. आमच्या ओळखीतल्या एका घरात यावरून नवऱ्याच्या मनात अपराधी भावना बसली होती. त्यात त्याचा काहीही दोष नव्हता.

आता ज्या तपासणीबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ती: टॅक्रोलिमसची लेव्हल. हे औषध १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीत सापडलेल्या जीवाणूपासून मिळालं आणि आज बहुतेक किडनी रुग्ण तेच घेतात. रक्तात ते कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर ते स्वतःच किडनीला बाधतं. मधली जागा अरुंद आहे. बऱ्याच ठिकाणी पहिल्या काही महिन्यांत एका मिलिलिटरमध्ये ८ ते १२ नॅनोग्रॅम आणि पुढे ५ ते ८ च्या आसपास ठेवतात, पण प्रत्येकाचा आकडा त्याचे डॉक्टर ठरवतात.

ही लेव्हल रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी बघायची असते. खरगोन, धार, देवासहून पहाटेच्या बसने येणारी मंडळी नेमाप्रमाणे सकाळची गोळी घेऊनच निघतात. शिस्तीची माणसं आहेत, चूक त्यांची नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग लेव्हल खोटी चढलेली दिसते, डोस कमी होतो, आणि खरी लेव्हल खाली जाते. त्या दिवशी गोळी खिशात ठेवून या, रक्त द्या आणि मग घ्या. चुकून घेतली असेल तर लाजू नका, सांगा. आम्ही वेळ लिहून ठेवतो.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. बाहेरचं काही खाण्यात येतं आणि जुलाब लागतात. जुलाबात अंगातलं पाणी कमी होऊन क्रिएटिनिन वाढतं. शिवाय आतड्यांची आतली बाजू सुजल्यामुळे टॅक्रोलिमस जास्त शोषलं जातं आणि लेव्हलही चढते. घरचे घाबरतात, "रिजेक्शन झालं!" किंवा त्याहून वाईट म्हणजे डोस स्वतःच अर्धा करतात. दोन्ही करू नका. पाणी किती प्यायचं ते विचारा, लेव्हल करून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने सराफ्याच्या खाऊबाजारातलं उघड्यावरचं खाणं सोडावं, हे सांगताना मला वाईट वाटतं. इंदूरच्या माणसाला ते किती जड जातं, मला ठाऊक आहे. घरचे गरम पोहे आहेतच. पपनस आणि चकोतरा मात्र घरीही नको, त्यांनी टॅक्रोलिमस वाढतं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोलनेही वाढतं. टीबीच्या रिफॅम्पिसिनने ते इतकं घसरतं की रिजेक्शन ओढवू शकतं. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य "माझी किडनी बदललेली आहे" हेच असू द्या. आणि प्रेमाने आणून दिलेले प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, गुळवेलीचा रस, हे नम्रपणे परत करा. ज्या शक्तीला गोळ्यांनी दाबून ठेवलं आहे, तिलाच ते चेतवायला निघतात.

हृदयाच्या बाबतीत रक्ततपासणीचं मोल आणखी जास्त आहे. हृदय बदललेल्यांच्या मानेतल्या शिरेतून तार आत घालून बायोप्सी करतात आणि पहिल्या वर्षात ती पुन्हा पुन्हा होते. २०१० मध्ये ६०२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यारोपणाला सहा महिने उलटून गेलेल्या, धोका कमी असलेल्या रुग्णांवर पांढऱ्या पेशींमधल्या काही जनुकांच्या हालचाली बघून लक्ष ठेवलं, तेव्हा निकाल नेहमीच्या बायोप्सीइतकेच राहिले आणि बायोप्सी पुष्कळ कमी झाल्या. आता या तपासणीसोबत दात्याचा डीएनएही मोजतात. हृदयासाठी रेघ किडनीपेक्षा बरीच खाली धरतात, पाव टक्क्याच्या आसपास.

एका नव्या दिशेबद्दलही सांगावंसं वाटतं. टॉर्क टेनो नावाचा एक निरुपद्रवी विषाणू जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात असतो. प्रतिकारशक्ती जितकी दबलेली, तितका तो वाढतो. मग त्यालाच मोजून गोळ्यांचा डोस जास्त आहे की कमी, हे ठरवता येईल का, यावर युरोपात काम चालू आहे. टॅक्रोलिमसची लेव्हल रक्तात औषध किती आहे ते सांगते, त्या औषधाचा शरीरावर परिणाम किती झाला ते सांगत नाही. ही उणीव या विषाणूमुळे भरून निघाली तर मला फार आनंद होईल.

शेवटी खर्चाचं. दात्याच्या डीएनएची तपासणी महाग आहे आणि आपल्याकडे ती अजून नेहमीच्या तपासण्यांत नाही. ती उपयोगी पडते ती अशा वेळी: क्रिएटिनिन हळूहळू सरकतंय पण बायोप्सी धोक्याची आहे, डीएसए नव्याने दिसली आहे, किंवा रिजेक्शनचा उपचार झाल्यावर किडनी शांत झाली का ते बघायचं आहे. सगळं स्थिर असताना "शेजारच्यांनी केली म्हणून" करायची ही तपासणी नव्हे. सुचवली गेली तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, "आकडा जास्त आला तर तुम्ही काय बदलाल, आणि कमी आला तर काय?" दोन्हींची उत्तरं वेगळी असतील तर तपासणी करा. सारखीच असतील तर ते पैसे टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी ठेवा, कारण ती चुकवायची नाही.